तळाची खुंटी

६ जानेवारी

चिरंजीवास,

पत्रात आधी तारीख, मग मायना, मग आपली खुशाली आणि शेवटी कामाचे, असे आम्हाला चौथीत मास्तरांनी शिकविले होते. त्यापुढे मी शिकलो नाही. पण जेवढे शिकलो तेवढे मोडलेले नाही. माझी प्रकृती ठीक आहे. डाव्या गुडघ्याची तक्रार जुनीच आहे. तुझी बहीण दर रविवारी येते आणि माझे घर किती अस्वच्छ आहे ते मला समजावून सांगते. तुझी खुशाली विचारीत नाही. जन्मठेप झालेल्या माणसाला तो प्रश्न विचारणे शोभत नाही.

आता कामाचे.

शिक्षा होऊन आज एकवीस दिवस झाले. खटल्याच्या बेचाळीस तारखांना मी हजर होतो, तिसऱ्या बाकावर, भिंतीकडच्या बाजूस. तू एकदाही मागे वळून पाहिले नाहीस. ते योग्यच केलेस, कारण मी त्या वेळी कसा दिसत होतो हे मला ठाऊक नाही.

निकालपत्र मी दोनदा वाचले. त्यात म्हटले आहे की आरोपीने नऊ वर्षांच्या काळात, यंत्रांचा प्रसार करणाऱ्या निरनिराळ्या अधिकाऱ्यांना, स्वतःच्या हातांनी बनविलेल्या लाकडी पेट्यांतून स्फोटके पाठविली. पाच पेट्या फुटल्या. त्यांत एक शिपाई मेला आणि चौघे अधू झाले. सहावी पेटी आरोपीच्या खोलीत सापडली. एकूण पेट्या सहा.

यात दोन चुका आहेत. पेट्या तू केल्या नाहीस, मी केल्या. आणि त्या सहा नव्हत्या, सात होत्या.

तुझ्या खोलीत सापडलेल्या पेटीचा तळ सरकारी तज्ज्ञांनी न्यायाधीशांना दाखविला, तो दिवस तुला आठवत असेल. तळावर पेन्सिलीने सात हा आकडा होता. तज्ज्ञ म्हणाले, हा सात म्हणजे आरोपीने वर्तमानपत्रांना पाठविलेल्या लांबलचक निवेदनातील सातवा परिच्छेद होय. सर्वांनी ते लिहून घेतले. मी तिसऱ्या बाकावर बसून ऐकले. तो आकडा माझ्या हातचा आहे. कारखान्यात आम्ही प्रत्येक पेटीचे झाकण आणि तळ त्याच पेटीला घासून बसवीत असू. एकीचे झाकण दुसरीला बसत नाही. म्हणून तिघांवर एकच आकडा घालायचा, म्हणजे अदलाबदल होत नाही. एवढाच त्याचा अर्थ. परिच्छेद वगैरे काही नाही.

पाच आणि एक सहा. सहावी म्हणून जी सापडली तिच्यावर सात आहे. याचा अर्थ मधली एक कोठे तरी आहे. कोणाच्या तरी कपाटात, टेबलावर, खिडकीत. उद्या कोणी तरी तिचे झाकण सरकवील.

तुरुंगातील पत्रे तुझ्या आधी अधिकारी वाचतात. म्हणून हे पत्र मी आज टाकणार नाही. मग लिहितो कशाला, असे विचारशील. मनातल्या मनात माणूस स्वतःला सवलत देतो. कागदावर तशी सोय नाही.

तुझा बाप


१९ जानेवारी

चिरंजीवास,

गुडघा कालपेक्षा बरा.

तुझ्या आईविषयी न्यायालयात एक अक्षरही निघाले नाही. तुझ्या वकिलांनी काढू दिले नाही, की तू, ते मला माहीत नाही. परंतु तिच्यावाचून ही हकिकत कोणाला समजणार नाही, म्हणून लिहून ठेवतो.

तिने सत्तावीस वर्षे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बोर्डावर काम केले. समोर भोकांची भिंत आणि हातात दोरी. पलीकडचा माणूस नंबर सांगण्याआधी नुसता खाकरला तरी तिला कळत असे की हे डॉक्टर आहेत, की सिमेंटवाले. तू इंजिनियर झालास आणि पहिलीच नेमणूक मिळाली ती त्याच एक्स्चेंजमध्ये, आपोआप जोडणी करणारे यंत्र बसविण्याच्या कामावर. यंत्र सुरू झाले त्या दिवशी कळ तू दाबलीस. एक्केचाळीस बायका रिकाम्या झाल्या. त्यांच्यात उभी राहून तुझी आई टाळ्या वाजवीत होती, ते मी पाहिले आहे.

घरी आल्यावर ती म्हणाली, "बरं झालं रे. माझ्या कानांना सुटी मिळाली."

तुला ते खरे वाटले नाही. मला वाटले. ती त्यानंतर सकाळी आठपर्यंत झोपू लागली. चार वर्षांनी ती तिच्या दुखण्याने गेली. डॉक्टरांनी दुखण्याचे नाव सांगितले होते आणि ते नाव यंत्राचे नव्हते. पण तू हिशेब वेगळा मांडलास. नोकरी सोडलीस, वीटभट्टीच्या पलीकडे खोली घेतलीस, तिच्यातील दिवा काढून टाकलास आणि सायकलीला वंगण घालणेही पाप आहे की काय, असा विचार करीत बसलास.

आणि मी काय करीत होतो. उचलली जीभ लावली टाळ्याला, हे करीत होतो. मोजमापाच्या उपकरणांच्या पेट्या करणारा आमचा कारखाना प्लॅस्टिक आल्यावर बंद पडला. अकरा कारागीर घरी बसले. तेव्हापासून जेवताना मी एक वाक्य बोलत असे: यंत्राला हात नसतात, म्हणून त्याला लाजही नसते. तुझी आई म्हणे, "आता जेवा. यंत्र काही ऐकत नाही, मी ऐकते आहे." तुझे निवेदन वर्तमानपत्रात छापून आले तेव्हा त्याची सुरुवात याच वाक्याने होती. खाली माझे नाव नव्हते. असते तर मी ते खोडून काढले असते की नाही, हे मला आज सांगता येत नाही.

तुझी आई गेल्यावर दुसऱ्या वर्षी, थंडीच्या दिवसांत, तू हातगाडीवर फळ्या घेऊन आलास.

"आईच्या बोर्डाचं लाकूड आहे," तू म्हणालास. "भंगारात काढलं होतं."

"याचे काय करू?"

"पेट्या करा. कारखान्यात करायचात तशाच. काही लोकांना भेट द्यायच्या आहेत."

"कोणते लोक?"

"ज्यांनी हाताचं काम कधी बघितलंच नाही, असे."

मला आनंद झाला. पंधरा वर्षे शिकून यंत्रामागे गेलेला मुलगा माझ्या रंध्याकडे परत आला, असे मला वाटले. त्या हिवाळ्यात मी सात पेट्या केल्या. कोपऱ्याचे सांधे दात्यांत दाते अडकविलेले, एकही खिळा नाही, फक्त सरस, तोही प्रत्येक पेटीला वेगळा उकळलेला. झाकण खाचेतून सरकणारे, अंगठ्यापुरता खळगा ठेवलेला. तळ मी कधी चिकटवीत नाही. लाकूड ऋतूप्रमाणे फुगते आणि आकसते. त्याला हलायला जागा द्यावी लागते. म्हणून तळ मागच्या भिंतीखालून खाचेत सरकवितो आणि तेथे एका बारीक लाकडी खुंटीने अडकवितो. खुंटी घासून अशी सपाट करतो की डोळ्याला दिसत नाही, बोटालाही लागत नाही. ती मी तुलाही दाखविली नव्हती. प्रत्येक कारागीर एक गोष्ट स्वतःजवळ ठेवतो.

तू त्या पेट्यांचे काय करणार होतास, हे मला न्यायालयात प्रथम कळले.

तुझा बाप


२ फेब्रुवारी

चिरंजीवास,

काल तुझी मुलाखत झाली. तू जे बोललास ते तुलाच लिहून कळविणे विचित्र आहे, पण माझी आठवण किती नीट आहे हे तुला समजावे म्हणून लिहितो.

मध्ये काच, काचेच्या दोन्ही बाजूंना एकेक रिसीव्हर आणि भिंतीवर पाटी: येथील संभाषण ऐकले जाते. रिसीव्हर कानाला लावताना मला तुझी आई आठवली. तिने आपल्याला लगेच जोडून दिले असते.

तू म्हणालास, "बाबा, गुडघा कसा आहे?"

मी म्हणालो, "दुखतो तो एकच आहे. मोजून पाहिला. मोजण्यावरूनच तुला विचारायचे होते. त्या हिवाळ्यात मी सरस किती वेळा उकळला?"

तू पाटीकडे पाहिलेस. "सहा वेळा."

"सात."

"एकदाचा फुकट गेला असेल."

"माझा सरस फुकट जात नाही."

"बाबा, एक्क्याऐंशीचे झालात तुम्ही. विसरायला होतं."

"चौथी शिकलो आहे. सातापर्यंत येते मला."

तेव्हा तू हसलास. तुझा पुढचा दात पडला आहे, ते मला काल दिसले. मग तू अगदी हळू बोललास. "एकदाच्या सरसाचं काय झालं ते मलाही माहीत नाही. धरलाच नाही, असं समजा. धरला असता तर एव्हाना ऐकू आलं असतं."

"कोणाला दिला होतास?"

"ते सांगितलं की पुढचा प्रश्न येतो, सरस कोणाचा. तुम्ही घरी राहा, बाबा. घरीच मरा. एवढं मी तुमच्यासाठी करू शकतो, ते करू द्या."

आणि रिसीव्हर जागेवर ठेवलास. पहारेकऱ्याने मला विचारले, "आजोबा, कसला एवढा सरस?" मी म्हणालो, "घरगुती."

अर्थ मला समजला. एक पेटी तू पाठविली होतीस आणि ती फुटली नाही. कोणाला पाठविली ते तुला ठाऊक आहे. ते तू सांगत नाहीस, कारण सात पेट्या होत्या असे म्हटले की आकड्यांचा अर्थ निघेल, आणि अर्थ निघाला की माझे नाव निघेल. म्हणजे ती पेटी आज ज्या खोलीत असेल, त्या खोलीतील माणसांच्या जिवावर तू माझे म्हातारपण सांभाळतो आहेस.

येताना बसमध्ये माझ्या शेजारी एक बाई मांडीवर पुठ्ठ्याचे खोके घेऊन बसल्या होत्या. मी दोन थांबे आधीच उतरलो.

तुझा बाप


९ फेब्रुवारी

चिरंजीवास,

एकोणीस जानेवारीच्या पत्रातील शेवटचे वाक्य खोटे आहे. ते खोडणार नाही. खोडलेले पत्र मास्तर परत देत असत. दुरुस्ती वेगळ्या कागदावर लिहावी लागे. ती दुरुस्ती ही.

दुसऱ्या स्फोटानंतर वर्तमानपत्रात एक छायाचित्र आले होते. जळालेल्या लाकडाचा एक कोपरा, आगपेटीएवढा. दाते मी मोजले. माझ्या पेटीत कोपऱ्याला पाच दाते असतात आणि वरचा दाता मी किंचित अरुंद ठेवतो, कारण माझे उस्ताद तसा ठेवीत. एवढ्या गावांत, एवढ्या सुतारांत, तो दाता अरुंद ठेवणारा आता मी एकटाच जिवंत आहे. मी ते वर्तमानपत्र सरसाच्या शेगडीत घातले आणि दुपारी नेहमीप्रमाणे झोपलो. झोप लागली, हेही लिहितो.

त्यानंतर तू घरी आलास तेव्हा मी तुला काही विचारले नाही. तूही काही सांगितले नाहीस. आपण दोघांनी मिळून खिडकीची चौकट दुरुस्त केली. शेवटी तुला पकडले ते पोस्टाच्या काउंटरवरील कॅमेऱ्याने. जे बापाला जमले नाही ते एका यंत्राने केले.

दुसरी पेटी आणि तिसरी पेटी यांत चौदा महिने गेले. म्हणजे मला चौदा महिने मिळाले होते.

तिसरी पेटी ज्या कारकून बाईंनी साहेबांच्या वतीने उघडली, त्यांचे डोळे गेले. त्या साक्षीला आल्या होत्या. साक्षीआधी व्हरांड्यात त्या बाकावर एकट्या होत्या. त्यांचा भाऊ कागद आणायला गेला होता. चहावाल्याने पेला त्यांच्यापुढे धरला, तो त्यांना सापडेना. मी घेऊन त्यांच्या हातात दिला. त्यांची बोटे माझ्या तळव्याला लागली.

"काका, हात फार खडबडीत आहेत हो तुमचे. काय काम करता?"

"लाकडाचे."

"मग तुम्हाला समजेल," त्या म्हणाल्या. "रोज ढिगानं टपाल यायचं. मी कात्रीनं कराकरा फाडायची. ती पेटी मात्र मी आधी पदरानं पुसली. झाकणावरून बोट फिरवलं. वाटलं, एवढ्या निगुतीनं काम करणारा माणूस कुणाचं वाईट कशाला करेल? म्हणून साहेबांची वाट न बघता मीच उघडली. तुम्ही कुणाकडून आलात?"

"पलीकडच्या बाजूने," मी म्हणालो. त्यांना वाटले, पलीकडच्या न्यायालयात माझे काही काम असेल.

आता जे लिहितो ते कोणालाही सांगितलेले नाही. त्या बाई पेटीचे वर्णन करीत असताना मला बरे वाटले. साठ वर्षांत माझ्या कामाविषयी इतके नेमके कोणी बोलले नव्हते. ते बरे वाटणे चहाच्या दोन घोटांपुरते टिकले. त्यानंतर ते कोठे गेले आणि त्या जागी काय आले, ते मला लिहिता येत नाही. चौथीपर्यंत तो शब्द आला नव्हता.

तू माझ्याच पेट्या का मागितल्यास, हे मला त्या बाकावर कळले. साध्या खोक्याचा लोकांना संशय येतो.

तुझा बाप


२४ फेब्रुवारी

चिरंजीवास,

रविवारी तुझ्या बहिणीला सर्व सांगितले. ती कप धूत होती. एकच कप तिने तीनदा धुतला.

"बाबा, निकाल लागला, सगळं संपलं. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मुठीत काय आहे ते ऐकलेस ना?"

"ऐकलं. पण हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. तुम्हाला आत घेतलं तर? या वयात? तिथे गरम पाणी कोण देईल तुम्हाला?"

"आणि ती पेटी तुझ्या मुलीच्या शाळेत असली तर?"

तिने कप पालथा ठेवला. मग पदर खोचून म्हणाली, "ती तुटकी चप्पल घालून येऊ नका. आधीच बाप म्हणून काय कमी शोभा झाली आहे. चला."

तुला पकडणारे इन्स्पेक्टर बाहेर जाण्याच्या गडबडीत होते. मला ओळखून म्हणाले, "आजोबा, आता कशाची सही राहिली?"

"सही नाही. संख्या राहिली," मी म्हणालो, आणि सर्व सांगितले.

त्यांनी ऐकून घेतले, पण नेटाने नाही. माझ्यासाठी चहा मागविला. मग म्हणाले, "हे बघा, मुलाचा गुन्हा अंगावर घ्यायला येणारे आई-बाप आम्हाला नवे नाहीत. मागच्या महिन्यात एक माउली दरोडा घालून आली होती. गुडघे धरून बसली होती बिचारी."

"माझा एकच गुडघा दुखतो," मी म्हणालो. "तुमच्याकडची सात आकड्याची पेटी आणवा. आणि एक दाभण."

पेटी आली. दोन वर्षे ती तज्ज्ञांकडे होती. त्यांनी तिची वजने घेतली होती, छायाचित्रे काढली होती, झाकणाची खाच मोजली होती. मी ती पाठमोरी केली. मागच्या भिंतीच्या खालच्या कडेवर अंगठा ठेवला. जागा माझ्या अंगठ्याला माहीत आहे. दाभण टोचले, अर्धा फेरा दिला आणि ओढले. खुंटी निघाली. तळ मागे सरकवून मी त्यांच्या हातात दिला. तळाच्या आतल्या अंगावरही सात होता, माझ्याच हातचा.

इन्स्पेक्टरांनी चहाचा पेला खाली ठेवला. त्यांनी उठून दार लावले आणि मला "आजोबा" म्हणायचे सोडून "तुम्ही" म्हणू लागले. तुझी बहीण भिंतीकडे तोंड करून उभी होती.

जबानी चार पाने झाली. दुसऱ्या स्फोटाचे छायाचित्र मी जाळले, तेही तिच्यात आहे. लिहून घेणाऱ्या हवालदाराने सरस ऱ्हस्व की दीर्घ असे विचारले नाही, तरी मी सांगितले की त्यात दोन्ही नाहीत. सही पूर्ण केली. कामाची खोली त्यांनी मोहोर लावून बंद केली आहे. दर सोमवारी हजेरी द्यायची. पुढे खटला चालवायचा की नाही, ते सरकारी वकील ठरवतील. एक रंधा तेवढा बाहेर राहिला आहे. तो धार लावायला दिला होता.

त्याच संध्याकाळी इन्स्पेक्टर तुझ्याकडे आले. माझी जबानी त्यांनी तुला वाचून दाखविली तेव्हा तू डोके टेबलावर ठेवलेस आणि पाव तासात पत्ता सांगितलास, असे त्यांनी मला कळविले. लपवायचे होते ते उरले नाही, म्हणून सांगितलेस. मला ते पुरेसे आहे.

तुझा बाप


२७ फेब्रुवारी

चिरंजीवास,

पेटी सापडली. चार नंबरची.

तू ती एका विमा कंपनीच्या कार्यालयात पाठविली होतीस, तेथे संगणक बसविणाऱ्या साहेबांच्या नावाने. पार्सल पोहोचण्याच्या आदल्या आठवड्यात त्यांची बदली झाली. तुझी पेटी आठ वर्षे एका लोखंडी कपाटावर होती आणि तिच्यावर एक कुंडी. कार्यालयातील एक बाई इन्स्पेक्टरांना म्हणाल्या, "दुसऱ्याच्या नावाचं पार्सल, आपण कसं उघडायचं? कधी तरी येतील न्यायला, म्हणून ठेवलं. झाडाला बरी उंची मिळत होती." त्या कपाटाखाली सहा माणसांची टेबले आहेत. रोज एक जण खुर्चीवर चढून कुंडीला पाणी घालीत असे.

मला सकाळी आठला गाडी पाठवून नेले. गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात वाळूची पोती रचली होती आणि दूर दोन विटांवर ती पेटी ठेवली होती. तिच्याजवळ माणूस कोणी नव्हता. एक यंत्र होते. रणगाड्यासारखे पट्टे, वर एक लांब दंड आणि दंडाच्या टोकाला रबर लावलेली तीन बोटे. ते चालविणारी पोलीस मुलगी माझ्या नातीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. पोत्यांमागे बसून ती पडद्यावर पाहत होती आणि हातात एक दांडी धरून होती.

"आजोबा, झाकणाला तार बांधलेली असणार," ती म्हणाली. "झाकणाला हात लावायचा नाही. साहेब म्हणतात, तुम्हाला मागचा दरवाजा माहीत आहे."

मी पडद्यावर पाहिले. यंत्राने कागद सोलला होता. कुंडीचे पाणी झिरपून मागची भिंत काळी पडली होती. पण कोपरे जसेच्या तसे होते.

"आता काही करू नका," मी म्हणालो. "खुंटी पाण्याने फुगली आहे. आत्ता ओढलीत तर मान तुटेल आणि निम्मी आत राहील. ऊन लागू द्या."

"किती वेळ?" इन्स्पेक्टरांनी विचारले.

"ते उन्हाला विचारा. दोन तास तरी."

"अहो, सगळं पथक उभं आहे."

"आठ वर्षे दिलीत. आणखी दोन तास द्या."

त्या मुलीला हसू आले. तिने ते दांडीकडे पाहून गिळले. आम्ही दोन तास बसलो. तिने मला विचारले, सांध्याला पाचच दाते का? मी सांगितले. मी तिला विचारले, दांडी हलविल्यावर तिकडे किती जोर लागला हे इकडे कसे कळते? तिने सांगितले. रोज दोन तास ती त्या यंत्राकडून कोंबडीचे कच्चे अंडे उचलण्याचा सराव करते. पहिल्या महिन्यात तिने किती अंडी फोडली, ते तिने साहेबांना सांगितलेले नाही. मलाही तिच्या वयात उस्तादांनी वर्षभर नुसती पटाशीला धार लावायला बसविले होते.

सव्वाअकराला भिंतीचा रंग फिका झाला. मी म्हणालो, "आता."

यंत्राने दाभण तीन बोटांत धरले.

"डावीकडे. अजून. गव्हाच्या दाण्याएवढे खाली. थांबा. टोचा."

"किती जोर लावू?"

"जोर नको. अर्धा फेरा द्या आणि वाट पाहा. ती स्वतः सांगेल."

तिने श्वास रोखला. तिकडे, शंभर पावलांवर, ती तीन बोटे फिरली आणि थांबली. मग अगदी सावकाश मागे आली. दाभणाच्या टोकाला माझी खुंटी होती, अखंड. पुढे तळ तिने एकटीने सरकविला. मला काही सांगावे लागले नाही. त्यानंतरचे काम त्यांच्या तज्ज्ञांनी केले आणि ते मला पाहू दिले नाही. पुस्तक जमिनीवर पडावे तसा एक आवाज होऊन आतले स्फोटक निकामी झाले, आणि इन्स्पेक्टरांनी टोपी काढून डोके पुसले.

त्या मुलीच्या हाताला घाम आला होता. यंत्राच्या हाताला नव्हता. पण तिचा हात आज तिच्या मनगटावर आहे तो त्या यंत्रामुळे, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. माझे ते जुने वाक्य, जे तू निवेदनात पहिले घातलेस, ते चुकीचे होते. यंत्राला हात असतात. ते कोणाचे आहेत एवढे पाहावे लागते. लाज मात्र त्याला नसते, हे खरे. ती आपली होती, तुझी आणि माझी. आपण ती उगाच त्याच्याकडे मागत राहिलो.

या दुरुस्तीसह माझी सर्व पत्रे एका पाकिटात घालून आज टाकीत आहे. आता ती कोणीही आधी वाचली तरी हरकत नाही. पुढच्या मुलाखतीला सरस वगैरे बोलायची गरज पडणार नाही. दाताचे तुरुंगाच्या डॉक्टरांना दाखव. त्या कारकून बाईंचा पत्ता मी न्यायालयातून मागविला आहे. मी पलीकडच्या कोणत्या बाजूने आलो होतो, ते त्यांना समक्ष जाऊन सांगायचे आहे. त्यांनी दार उघडले नाही, तर दाराबाहेरून सांगेन.

एक गोष्ट राहिली. साठ वर्षे मी पेट्या केल्या. प्रत्येकीवर कारखान्याचा छाप असे. कारागिराचे नाव घालण्याची पद्धत नव्हती. मैदानावर इन्स्पेक्टरांनी खुंटी प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, तळ दुसऱ्या पिशवीत, आणि त्यांना बांधायच्या चिठ्ठ्या माझ्यापुढे ठेवल्या. चिठ्ठीवर छापलेल्या ओळी होत्या: वस्तू, कोठे मिळाली, कोणत्या दिवशी. शेवटची ओळ होती, बनविणाऱ्याचे नाव. पेन त्या मुलीने दिले. मी चष्मा पुसला, गुडघ्यावर फळी घेतली आणि दोन्ही चिठ्ठ्यांवर माझे पूर्ण नाव लिहिले.

अक्षर चांगले आले.

तुझा बाप